पट्टी न सोडता

भुताखेतांच्या गोष्टी माझ्यासमोर सांगितलेल्या मला खपत नाहीत. मी भिकाजी. रत्नागिरीच्या दवाखान्यात अठरा वर्षं कंपाउंडर आहे. यंदा, १९३५ साली, खेड्यांतल्या बारा शाळामास्तरांना औषधपेटी चालवायला शिकवण्याचं लोढणं डॉक्टरांनी माझ्या गळ्यात अडकवलं. किरकोळ काय आणि दवाखान्यात पाठवायचं काय, एवढं त्यांना ओळखता आलं की झालं. पहिल्याच दिवशी मी दम भरला, "पट्टी सोडून, हाताने चाचपून बघितल्याशिवाय कुणी किरकोळ म्हणालात तर गाठ माझ्याशी आहे."

मास्तर ओसरीवर रोगी तपासत आणि वहीत लिहीत. वह्या मी बघत असे.

तिसऱ्या आठवड्यात चिमा आली. भाट्याच्या खाडीत कालवं काढणारी बाई. टाचेत शिंप घुसलेली, वर हळदीचं फडकं. तिच्या जातीच्या माणसाने पायरीखाली बसायचं आणि आम्ही वरूनच बघायचं, अशी आमच्याकडची रीत. त्यात मी नुकता आंघोळ करून आलो होतो.

"सायेब, जरा हात लावून बघा. आतून ठणकतंय."

"दिसतंय मला. किरकोळ आहे." मी मलमाची डबी वरून टाकली. बाराही मास्तर बघत होते.

नवव्या दिवशी चिमा धनुर्वाताने गेली. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण दवाखान्यात माणसं मरतातच, अशी मी मनाची समजूत घातली आणि कामाला लागलो.

पुढच्या सोमवारी केरूमास्तरांची वही उघडली. देवरूखकडचा हा सरळ माणूस. शेवटची ओळ होती : बाई, टाच, किरकोळ.

"ही कोण बाई?"

"पायरीखाली बसली होती ना, फडकं बांधलेली."

त्या दिवशी पायरीखाली कुणीही बसलं नव्हतं. मी त्यांना चांगलं झापलं. मग बाकीच्या अकरा वह्या उघडल्या. प्रत्येकीत शेवटी तीच ओळ होती.

त्याच दुपारी ओसरी उतरताना माझ्या टाचेत काहीतरी घुसलं. शिंपेचा तुकडा. दवाखान्यात शिंप कुठून आली, देव जाणे. उपसून काढली आणि तिथल्या तिथे पट्टी बांधली. दोन दिवसांत टाच ठणकायला लागली.

"केरूमास्तर, पट्टी सोडा आणि नीट बघा."

ते वरच्या पायरीवर उभे राहिले. हात पाठीमागे. जरासे वाकले.

"किरकोळ आहे."

"अहो, पट्टी कुठे सोडलीत?"

"सोडली की. चाचपून बघितलं." त्यांच्या चेहऱ्यावर खोटेपणा औषधालाही नव्हता.

बाराही जणांनी तसंच बघितलं. बाराही जण तेच म्हणाले.

डॉक्टरांकडे गेलो. धनुर्वाताच्या इंजेक्शनच्या कपाटाची किल्ली त्यांच्याकडे असते. ते खुर्चीतून उठले नाहीत.

"भिकाजी, एवढ्याशा ओरखड्याला इंजेक्शन? उघडून बघितलं मी. किरकोळ आहे."

मी हातापाया पडलो. ते हसले.

घरी दमयंती, माझी बायको. मला टायफॉइड झाला तेव्हा एकवीस दिवस उशाशी बसलेली बाई. ती दारातच थांबली.

"बघितलं हो मी," ती म्हणाली. "उगाच घाबरता तुम्ही."

आज सकाळपासून जबडा आवळतोय. चहा घशाखाली न जाता हनुवटीवर ओघळला. मला मरायचं नाही. चिमेला माझा जीव हवा होता तर सरळ घ्यायचा होता. हे असं लोकांच्या हातून घेणं कुठलं?

शेवटी म्हटलं, कुणी नको, आपणच बघू. पाटावर बसलो, पाय पुढे घेतला, पट्टीच्या गाठीकडे हात नेला.

हात वीतभर अलीकडे थांबला.

जोर केला. दुसऱ्या हाताने मनगट धरून ढकललं. तो पुढे जाईना.

त्याला किळस येत होती. माझ्याच पायाची.