दादाचा उशिरा आलेला फोन

"मी स्वतः फोन करून 'हात काढले' म्हणेपर्यंत किल्ल्या कुणाला द्यायच्या नाहीत, चिमे. साहेबांनाही नाही."

जहाजावर जाण्याआधी दादा दर वेळी हेच सांगायचा. वर चिडवायचा, जपाची माळ आणि किल्ल्या एकत्र गळ्यात घालतेस, देवाला तरी कळतं का कशाचा जप चाललाय.

हे घडलेलं आहे. खोटं बोलायचं नाही हा माझा रोजचा नेम. तो किती पोकळ निघाला, तेही सांगते.

समुद्राखालच्या इंटरनेटच्या केबल जिथे जमिनीवर येतात, त्या केंद्रात मी कामाला. दादा तुटलेल्या केबल जोडायचा. नकाशावर आमच्या दोन केबल एकमेकींपासून कोसभर लांब. एक गेली तर दुसरी असावी म्हणून. प्रत्यक्षात किनाऱ्याजवळ दोन्ही एकाच चरात पुरलेल्या. दुसरा चर खणायचा त्रास वाचला ना.

तीन वर्षांपूर्वी एका जहाजाचा नांगर तिथून फरफटत गेला...

दोन्ही तुटल्या.

बँका, दवाखाने, विमानतळ, सगळं ठप्प. केबलमधून हजारो व्होल्टची वीज जाते. ती बंद करून मी दोन्ही केबलच्या स्विचना कुलपं लावली. किल्ल्या गळ्यात.

चौथ्या दिवशी, मंगळवारी दुपारी, जहाजावरून लेखी निरोप आला. जोड झाला.

दादाचा फोन मात्र आला नव्हता. मी हळूच तसं म्हटलं.

"बाई, अख्खं जग खोळंबलंय आणि तुम्ही भावाच्या फोनची वाट बघत बसलाय," साहेब म्हणाले.

मी जुडगा काढून दिला.

निरोप एकाच केबलचा होता. साहेबांनी दोन्ही कुलपं उघडून वीज सोडली. दुसऱ्या केबलचं टोक तेव्हा दादाच्या हातात होतं.

अहवालात लिहिलं, मयताने घाई केली. मला कुणी विचारलं नाही. मी सांगितलं नाही. म्हणजे खोटं बोललेच नाही, बघा.

वहिनीने त्या अहवालावर विश्वास ठेवला. मुलीला म्हणते, तुझ्या बाबांना आपल्यापेक्षा काम उरकायची घाई होती. मी शेजारी बसून ऐकते.

गेल्या महिन्यात, भर दुपारी, मी यंत्रांच्या खोलीत एकटी होते. तिथे पंख्यांची घरघर कधीच थांबत नाही.

ती थांबली.

यंत्रांवरचे दिवे चालू होते. आवाज तेवढा नव्हता. माझ्या श्वासाचासुद्धा...

मग भिंतीवरचा फोन वाजला.

जहाजाशी बोलायचा तो जुना फोन. दोन वर्षांपासून बंद.

मी पळत जाऊन वायरमनला आणलं. त्याने फोन भिंतीवरून उतरवून मागची वायर ओढून दाखवली. चार बोटं लांब, टोक मोकळं. कुठेच जोडलेली नाही. "ताई, उपास जरा कमी करा," तो हसला.

फोन त्याच्या हातातच वाजला.

तो निघून गेला. परत त्या खोलीत आलेला नाही. विचारलं तर पाठदुखीचं सांगतो.

मी रिसीव्हर उचलला. कोमट होता... कुणीतरी बराच वेळ धरून बसल्यासारखा.

आधी नुसती घूं घूं. खूप खोलवरून. मग...

"चिमे, हात काढले. आता दे किल्ल्या."

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"दादा," मी म्हटलं, "वहिनीला सगळं सांगते. शब्द देते."

 पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज आला नाही. ती लाईन अजून तशीच उघडी आहे, असं मला रात्रंदिवस वाटत राहतं. कशी, ते विचारू नका.

त्याला आज तेवीस दिवस झाले. तेवीस दिवस जप सुटला नाही. शब्द पाळायचा तेवढा राहिला.

मघाशी वहिनीला फोन करून विचारलं, घरी आहात ना?

"आहे की. ये. आवाज का असा तुझा?"

आल्यावर सांगते म्हटलं. हे लिहून झालं की चपला घालते, आणि दार हळूच ओढून घेते.