करंजाखालून आणलेले सात दगड

ही गोष्ट खरी आहे. अगदी माझ्या डोळ्यांदेखत घडलेली, आणि खरं सांगायचं तर माझ्याच हातून घडलेली.

ज्यांना भुताची गोष्ट रात्रीचीच लागते, त्यांची आधीच माफी मागते. यात रात्र नाही. सगळं लख्ख उजेडात घडलं. बरंचसं तर भर दुपारी, शाळेच्या मधल्या सुट्टीत.

साल १९५७. मार्गशीर्ष सरत आला होता. जागा पिंपरीतली, आमच्या कारखान्याच्या वसाहतीतली नवी बाग.

माझे आबा कारखान्यात फिटर आहेत. आम्ही मूळचे सांगलीकडचे. इथे आलो तेव्हा वसाहतीत एक झाड नव्हतं, नुसतं माळरान आणि गोखरू. मग बाग करायची ठरली. आणि काय बाग झाली म्हणता! मधोमध कारंजं. सांगवीहून लोक बैलगाड्या जुंपून कारंजं बघायला यायचे. काही बायका तर पाण्याला हात जोडायच्या.

आमच्या शाळेनं बागेत श्रमदान केलं. प्रत्येक वर्गाला एक वाफा दिला होता. आमच्या नववीला कारंज्याजवळचा गोल वाफा मिळाला. तो मीच मागून घेतला होता. त्या वर्षी वक्तृत्वात माझा पहिला नंबर आला होता, त्यामुळे हेडमास्तरांसमोर बोलायला मी आता अजिबात भीत नव्हते. आई म्हणायची, "प्रमिलाच्या जिभेला चाक लागलंय."

रविवारी उद्घाटन होतं. पाहुणे येऊन सगळ्यांत सुंदर वाफ्याला बक्षीस देणार होते.

दहावीवाल्यांनी कडेला विटा तिरप्या लावल्या. मी म्हटलं, आपण गोल दगड लावायचे. गुळगुळीत, नारळाएवढे, एक चुन्यानं रंगवलेला, एक गेरूनं. शनिवारी दिवसभर आम्ही ओढ्याच्या पात्रातून दगड वेचले. संध्याकाळपर्यंत पंचावन्न झाले.

सात कमी पडले.

सगळ्या मुली घरी गेल्या. मी आणि फरीदा, दोघीच उरलो. फरीदा म्हणजे मीरासाहेब मेकॅनिकची मुलगी, माझी जिवाची मैत्रीण. आम्ही ओढा ओलांडून पलीकडे गेलो. तिकडे जाऊ नका, असं माळी सोपानमामांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. का, ते सांगितलं नव्हतं.

पलीकडे एक जुनं करंजाचं झाड होतं. त्याच्याखाली दगड होते. गोल, गुळगुळीत, अगदी हवे तसे. त्यांच्यावर बाभळीचे काटे रचले होते.

मी मोजले. बरोबर सात.

"प्रमिला, हे आपोआप पडलेले नाहीत गं," फरीदा म्हणाली. "कुणीतरी ठेवलेत."

"अगं, गुरं येऊ नयेत म्हणून काटे टाकले असतील."

"दगड खायला गुरं येतात का?"

"तू फार प्रश्न विचारतेस. परकर धर!"

मी काटे ओढ्यात फेकले. दगड उचलले. खाली सात खळगे राहिले. कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून मी पायानं माती सारखी केली आणि वर पाला पसरला.

हे मी अगदी मन लावून केलं. आता तेच सारखं आठवतं.

रविवारी आमच्या वाफ्याला पहिलं बक्षीस मिळालं. माझं नाव पुकारलं. आबांनी सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या.

सोमवारी मधल्या सुट्टीत झेंडूंना पाणी घालायची माझी पाळी होती.

ऊन कडक होतं. शेजारच्या वाफ्यांवर मधमाश्या घोंघावत होत्या, चिमण्या मातीत लोळत होत्या. आमच्या वाफ्यावर मात्र...

काहीच नव्हतं. एक माशीसुद्धा नाही.

मी झारी तिरकी केली. पाणी मातीत मुरायला लागलं. आणि मग...

चुक्... चुक्... चुक्...

कोरडी माती पाणी पिते तेव्हा आवाज येतो, मला माहीत आहे. मी झारी खाली ठेवली. माती भिजून गप्प झाली.

आवाज चालूच होता.

माझा धाकटा भाऊ तान्हा असताना आईच्या पदराखालून असाच आवाज यायचा.

मी वाकून ऐकायला गेले, तर एकदम थांबला. पदर बाजूला केला की बाळ दचकून थांबतं ना, तसा.

मी कुणाला सांगितलं नाही. काय सांगणार होते?

गुरुवारी दुपारी बागेत एक म्हातारी आली. हातात दुधाची लहानशी कासंडी, डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. ती हातानं हवा चाचपडत चालत होती. सोपानमामा कुदळ टाकून धावले.

"छबूआत्या! इकडं कुटं?"

"सोपाना, माजी पोर कुटं गेली रं?" ती म्हणाली. "करंजाखाली हात फिरवला. न्हाईच तिथं. कुनीच न्हाई."

आम्ही पाच-सहा मुली डबे घेऊन बसलो होतो. मी विचारलं, "मामा, कुठली पोर?"

मामांनी डोक्यावरचं मुंडासं काढलं.

"ताई, आमच्या गावात दात यायच्या आधी लेकरू गेलं तर जाळत न्हाईत. पुरत्यात. कोल्ह्यानं उकरू नये म्हनून वर काटं, आन् डोक्याशी एक दगूड. करंजाखाली सात हायेत. बाकीच्या आया कवाच गेल्या. ही येकलीच उरली. दर गुरुवारी येऊन सगळ्यांस्नी दूध घालती."

"अकरा दिसाची व्हती," छबूबाई म्हणाल्या. "बारशाच्या आदल्या दिशी गेली. नाव ठिवायचं ऱ्हाऊनच गेलं. बत्तीस वर्सं झाली. त्यो दगूडच तिचं नाव."

माझ्या हातातला घास हातातच राहिला.

त्या चाचपडत माझ्या पायाशी येऊन बसल्या आणि आमच्या दिशेला तोंड केलं. "पोरींनो, तुमी खेळता ना हिकडं? कुनी नेलेलं बगितलं का गं?"

फरीदानं माझ्याकडे पाहिलं.

"नाही हो आजी," मी म्हणाले. "आम्ही ओढ्याच्या पलीकडे कधी जातच नाही."

किती स्पष्ट बोलले मी! एकही शब्द अडला नाही.

शाळा सुटल्यावर फरीदा माझ्या पुढे झपाझप चालत राहिली. नाक्यावर फक्त एवढंच म्हणाली, "अल्लाकसम प्रमिला, ती तुझ्या पायाशी बसली होती. आणि तू तिला आजी म्हणालीस."

दुसऱ्या दिवशी मी सकाळी सातलाच बागेत गेले. एकटीच. थंडी मी म्हणत होती. गवतावर, झेंडूंवर, दगडांवर दव पडलं होतं. सगळे दगड ओलेचिंब...

सात सोडून.

ते कोरडे ठणठणीत होते. चुना, गेरू, चुना... मध्ये मध्ये, विखुरलेले सात. मी एकावर हात ठेवला.

गरम होता.

उन्हाचा नव्हे. ऊन अजून आलंच नव्हतं. तापलेल्या बाळाच्या कपाळाला हात लावल्यावर लागतं ना, तसा गरम.

मी पळत घरी आले. आईनं विचारलं, "काय गं, भूत बघितलंस का?" मी हसले. खरंच हसले.

शनिवार गेला, रविवार गेला. सांगायचं, असं मी रोज ठरवायची. मग भिंतीवरचं बक्षिसाचं प्रशस्तिपत्र दिसायचं. आबांनी त्याला काच बसवून आणली होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते उभं राहून वाचून दाखवायचे.

सोमवारी सोपानमामा झाडांना आळी करत होते. मी मुद्दाम विचारलं, "मामा, त्या आजी कशा आहेत?"

"करंजाखालीच बसून असती दिवसभर. दगूड सापडंस्तवर अन्नाला शिवनार न्हाई म्हनती. आज चौथा दिस." मामांनी कुदळ मारली. "जायची ती आता. हट्टी हाय लई."

 मी फरीदाला मधल्या सुट्टीत ओढतच बागेत नेलं.

"कुठले सात, कसं कळणार?" ती म्हणाली. "सगळ्यांना रंग दिलाय आपण."

"हात लावून बघ."

तिनं एकावर हात ठेवला, दुसऱ्यावर ठेवला. दुपारच्या उन्हात सगळेच तापले होते. तिसऱ्यावर मात्र हात ठेवून ती तशीच बसली. मग हळूच म्हणाली, "प्रमिला... हा हलतोय."

मी हात लावला. हलत नव्हता. आतून काहीतरी वर-खाली होत होतं... झोपलेल्या बाळाचं पोट होतं तसं.

सातही तसेच सापडले. परकरात घालून आम्ही ओढा ओलांडला. मला वाटलं होतं त्यापेक्षा ते फार जड झाले होते.

छबूबाई झाडाला टेकून बसल्या होत्या. ओठ वाळून फुटले होते. मी त्यांच्यासमोर दगड ठेवले आणि एका दमात सगळं सांगितलं. बक्षिसाचं, रंगाचं, खोटं बोलल्याचं. रडतही होते.

त्या एकेक दगड चाचपत गेल्या. पाचव्यावर त्यांचा अंगठा थांबला. त्यांनी नखानं चुना खरवडला. खाली बारीकशी खोलगट जागा होती, बत्तीस वर्षं बोट फिरून झालेली.

"हीच," त्या म्हणाल्या. "हीच माजी."

त्यांनी तो दगड छातीशी धरला. मला वाटलं, आता मला शिव्या बसतील. बसायलाच हव्या होत्या.

"लेकी, तू आनून दिलीस," त्या म्हणाल्या. "दुसरी असती तर गप बसली असती. आता येवढं सांग. हिला कुठनं उचललीस? डोक्याशीच दगूड पायजे. न्हाईतर दूध पोचत न्हाई तिला."

मी खाली पाहिलं. सारखी केलेली माती. वर पाला. एकही खूण नव्हती.

मला आठवत नव्हतं.

मला आठवणार तरी कसं? मी दगड मोजले होते, जागा नाही.

पण त्यांचा चेहरा असा उजळला होता... चार दिवसांची उपाशी बाई माझ्या दिशेला तोंड करून बसली होती. मी नाही म्हटलं असतं तर ती तिथंच कोसळली असती. निदान मला तेव्हा तसं वाटलं. की नाही म्हणायची लाज वाटली? अजून ठरवता येत नाही.

मी त्यांचा हात धरला आणि मुळाजवळच्या एका जागेवर टेकवला.

"इथून."

"नक्की?"

"नक्की, आजी."

त्यांनी तिथं दगड ठेवला, कासंडीतलं दूध घातलं. बाकीचे सहा आम्ही आपले ओळीनं मांडले. मग त्यांनी माझ्या डब्यातली अर्धी भाकरी खाल्ली, माझ्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली आणि काठी टेकत गावाकडे गेल्या. चालता चालता काहीतरी गुणगुणत होत्या.

फरीदा उठली. मीही उठले. तेवढ्यात...

रडणं ऐकू आलं.

बारीक, चिरकं, दम लागलेलं. अगदी नव्या बाळाचं. दगडाखालून नव्हे. तिथली माती तर दूध पिऊन शांत होती. रडणं येत होतं दोन हात पलीकडून, जिथं काहीच ठेवलं नव्हतं.

फरीदानं माझा हात सोडला. "चल," एवढंच म्हणाली. ओढा ओलांडून झाल्यावर म्हणाली, "तू जागा दाखवत होतीस ना, तेव्हा मी तुझ्याकडे बघत होते."

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. आमच्या वाफ्यातल्या सात रिकाम्या जागी मामांनी दुसरे दगड लावले. त्यांच्यावर रोज दव पडतं. मधमाश्याही परत आल्या. बाग सुंदर आहे, तुम्ही आलात तर कारंजं जरूर बघा.

मी मध्ये तीनदा करंजाखाली एकटी जाऊन आले. रडणं जिथून यायचं, तिथं एकदा वाटीभर दूध ओतलं. रडणं थांबलं. मी निघाले, आणि मग ते झाडाच्या दुसऱ्या बाजूनं सुरू झालं. मी तिकडे गेले. ते आणखी पलीकडे गेलं.

छबूबाईंना ते ऐकू येत नाही. त्या दर गुरुवारी येतात, मी दाखवलेल्या जागी दूध घालतात, आणि जाताना बागेत येऊन माझ्यासाठी बोरं ठेवून जातात. सगळ्या गावाला सांगतात, ती फिटरची पोरगी लई खरी हाय.

खरं काय ते त्यांना सांगायला मी कितीदा तरी निघाले. ओढ्यापर्यंत गेले आणि परत फिरले. सांगितलं तर त्या पुन्हा अन्न सोडतील. नाही सांगितलं तर ते लेकरू...

म्हणून इथं लिहिलं. छबूबाईंना वाचता येत नाही.

उद्या गुरुवार आहे.