गोविंदाचा पहारा

दोन हजार सहाच्या जानेवारीतली गोष्ट. मी नुकताच फौजेतून सुटून घाटंजीले घरी आलतो. एक दिवस दुपारच्या यष्टीनं बोरी अरबच्या पुढं, माह्या पलटणीतल्या गोविंदाच्या गावी गेलो. काम साधंच होतं. त्याच्या स्मारकावर हार घालाचा, त्याच्या मायले भेटाचं अन् सांजले परत याचं.

खरं सांगू? हार निमित्त होता. पाच वर्सांपासून एक गोष्ट लपवून ठेवली होती. गोविंदा मेला, तो पहारा माहा होता. थंडी लय होती. म्हटलं, "लेका, दोन घंटे तू उभा राय, मंग मी येतो." अन् झोपलोच मी. जाग आली ते गोळीबारानं. हे मी साहेबाले सांगतलं नाई, कोनालेच नाई. तुळसाबाईले, त्याच्या मायले, सांगून टाकावं म्हनून आलतो.

स्मारक शेताच्या धुऱ्यावर, बांधाच्या कडेले. चौथरा, त्यावर दगडाचा फौजी टोप. आजूबाजूले कापूस फुटून लोंबत होता, वेचाले कोनी नाई. भावच नव्हता. त्या गावात दिवाळीपासून तीन तिरड्या निघाल्या, तिघंही शेतकरी, फवाऱ्याचं औषध पिऊन गेलते. गोविंदाले बंदुकीची सलामी भेटली, त्यायले पंचनामा. मले रडू आलं पायजे होतं. काहीच आलं नाई. हार घातला अन् नुसता उभा राह्यलो.

वारा पडला. वाळल्या पाल्याची खसखस थांबली. बुटाच्या पॉलिशचा वास आला... अन् चौथऱ्यावरून, अगदी कानाजवळ, कोनीतरी हळूच बोललं.

"थम. कौन आता है?"

फौजेत याले उत्तर द्याच लागते. माह्या तोंडून आपसूकच निघालं, "दोस्त..."

"बदली?"

बदलीचा माणूस आल्याबिगर पहारेकरी जागा सोडत नाई. मी म्हटलं, "हो गड्या... बदली. तू जाय घरी."

बूट वाजले. चौथऱ्यावरून उतरून कापसाच्या दोन ओळींमधल्या तासातून गावाकडं गेले. झाडं हलत होती, माणूस दिसत नव्हता. मी त्या आवाजाच्या मागं मागं चालत गेलो.

तुळसाबाईच्या घरात आढ्यापर्यंत कापूस भरेल होता, न विकलेला. सरकीचा कोंदट वास येत होता. ती दारातच उभी होती.

"मावशी, तुमाले एक सांगाचं हाय..."

"मालूम हाय. त्यानं सांगतलं आत्ताच." तिच्या आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. "जेवाले बसला हाय. पाच वर्सांचा उपाशी."

मी उंबरठ्यावर पाय ठेवला. तिनं हात आडवा केला.

"तू कायले आला बाप्पा इकडं? तिथं कोन उभं हाय मंग?"

तिच्या खांद्यावरून मले आतलं दिसलं. ताट वाढेल होतं. ताटामागच्या कापसात, कोनी पाठ टेकून बसावं तसा, एक खड्डा पडेल होता. मी पाहत होतो तवाच तो अजून जरासा दबला.

मी चौथऱ्यावर परत जाऊन पहाऱ्याले उभा राह्यलो. घाटंजीचं घर तवापासून बंदच हाय.