दुसरं वाचन

न्यू आउरिख वंशावळ मंडळाची बैठक महिन्याच्या पहिल्या शनिवारी लायब्ररीच्या तळघरात भरायची, आणि सुरुवात चहाने व्हायची. आयोवातली बाकीची गावं कॉफी पितात. पण या लोकांचे पणजे जर्मनीतल्या फ्रिसियाच्या किनाऱ्यावरून आले ते चहाची किटली काखोटीला मारूनच, आणि ती सवय काही सुटली नव्हती. कपात आधी खडीसाखरेचा खडा, त्यावर कडक चहा, खडा तडकल्याचा आवाज आला की कडेने साय. ढवळायचं नाही. ढवळणारा माणूस बाहेरचा.

व्हर्नन आयलर्ट्सने उभी हयात दूरच्या राज्यांत जमिनी मोजण्यात घालवली होती. बायको गेल्यावर तो गावी परतला. चहा ढवळायचा नाही एवढं तो विसरला नव्हता, म्हणून मंडळाने त्याला आपलं म्हटलं, आणि वर्ष व्हायच्या आत त्याच्या गळ्यात कामही अडकवलं.

"मग ठरलं," अध्यक्षबाई मार्डेल हॅबन म्हणाली. "दफनभूमीचं काम व्हर्ननकडे."

"मी हो म्हटलेलं नाही."

"नाहीसुद्धा म्हटलेलं नाहीस. आपल्यात तेवढं पुरतं."

मार्डेल पूर्वी हॉस्पिटलात मुख्य परिचारिका होती. आवाज अजून वॉर्डातलाच होता. शेजारी बसलेला खजिनदार हार्म पॉपेन पोट धरून हसला. हा एके काळी डुकरांचा व्यापारी आणि लिलाव पुकारणारा. "अरे, मागचा गडी तर बैठकीला आला नव्हता म्हणून निवडून आला होता. तू निदान खुर्चीत तरी आहेस. एकदा, दोनदा, तीनदा, गेला!" असं म्हणून त्याने टेबलावर मूठ आपटली. कप थरथरले.

"भिंतीवर लावायला फोटो दे, आणि चार ओळी," मार्डेल म्हणाली. "कोण, कुठला, काय केलंस, घरी कोण कोण."

भिंतीवर तिचा आणि हार्मचा फोटो होताच. व्हर्नन कप हातात घेऊन वाचायला उभा राहिला. मार्डेलच्या ओळींच्या शेवटी लिहिलं होतं, 'घरी कोणी नाही.' हार्मच्या ओळींत, 'अविवाहित.'

व्हर्ननला ते खटकलं. हार्मच्या लग्नात तो नाचला होता. नवरीच्या बुटाची टाच मोडली, आणि हार्मने तिला उचलून धान्याच्या कोठारभर मिरवलं होतं. बाहेर मोटारीपाशी आल्यावर त्याने हळूच विषय काढला.

"माझं लग्न?" हार्म म्हणाला. "कोणाशी लागलं ते तरी सांग, बाबा. निदान बाईशी ओळख होईल."

तो हसला. त्या हसण्यात लपवाछपवी नव्हती, नेमकं तेच व्हर्ननला बरं वाटलं नाही. मोडलेला संसार माणूस टाळतो, तेव्हा डोळे बाजूला वळतात. हार्मचे डोळे सरळ होते.

मोजणीत दोन खुणा जुळल्या नाहीत की व्हर्नन पुन्हा मोजायचा. पण माणसांना मोजणीची साखळी लावता येत नाही. त्याने ते सोडून दिलं.

पुढच्या आठवड्यात तो हार्मकडे दफनभूमीच्या कामाला लागणारा मंडळाचा आरसा आणायला गेला. घर हार्मने स्वतः बांधलेलं. पाया खणताना पाणी कसं लागलं, पहिली वीट कोणी ठेवली, हे सगळं त्याने चहा होईपर्यंत रंगवून सांगितलं. स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या आडव्या रेघा होत्या, गुडघ्यापासून छातीपर्यंत चढत गेलेल्या. लेकरांची उंची मोजतात तशा.

"ह्या रेघा?"

हार्मने चष्मा वर करून पाहिलं. "आधीच्या मालकाची पोरं असतील," तो म्हणाला, आणि पायाची गोष्ट पुढे सुरू केली.

मार्डेल दर सोमवारी लायब्ररीत भाजलेल्या बटाट्यांचं आणि हॅमचं मोठं ताट आणून ठेवायची. रविवारचं उरलेलं. "हात चुकतो माझा," ती म्हणायची. "एकटीचं करायला घेते आणि होतं सहा जणांचं. खा, नाहीतर मांजरांना जाईल."

व्हर्नन खायचा. त्याला मात्र घरी कोण आहे ते पक्कं ठाऊक होतं. जोलीन होती. त्याची एकुलती एक लेक. तासाभराच्या अंतरावर सीडर फॉल्सला राहायची, आणि एकही रविवार तिचा फोन चुकला नव्हता.

"डॅड, थँक्सगिव्हिंगच्या सणाला तू आदल्या दिवशी, बुधवारीच ये. एमेटने तुझ्यासाठी टर्कीचं चित्र काढलंय. तीन पाय आहेत तिला."

"तिसरा कशाला?"

"विचारलं मी. म्हणतो, आजोबांना तंगडी आवडते ना, म्हणून एक जास्तीची." ती हसायची थांबली. "आणि डॅड, वरची खोली रिकामी आहे. मी काय म्हणतेय ते तुला कळतंय. त्या घरात एकटा काय भिंती मोजत बसतोस?"

"बघू," व्हर्नन म्हणाला. खरं तर त्याने ठरवलं होतं. गाव सोडून लेकीकडे कायमचं जायचं. पण असल्या गोष्टी फोनवर सांगायच्या नसतात. जेवणाच्या टेबलावर, टर्की कापताना सांगावं म्हणून त्याने ते शब्द जपून ठेवले होते.

त्याआधी दफनभूमीचं काम उरकायचं होतं.

जुन्या दफनभूमीच्या टोकाला, देवदारांच्या पलीकडे, घटसर्पाच्या साथीतल्या थडग्यांची एक रांग आहे. दगड पांढरे, मऊ. वाऱ्यापावसाने इतके झिजलेले की वापरलेल्या साबणासारखे दिसतात. नुसत्या डोळ्यांना त्यावर काहीच दिसत नाही. पण एकाने उंच आरसा घेऊन बाजूला उभं राहायचं, आणि ऊन दगडावर तिरकं पाडायचं. मग इवल्या खोबणींतही सावली भरते आणि अक्षरं वर येतात. हे मंडळाचं जुनं काम. अट एकच, आणि तिच्यावर मार्डेल अडून बसायची. एकाच माणसाने तोच दगड वेगळ्या दिवशी, वेगळ्या उन्हात पुन्हा वाचायचा. दोन्ही वाचनं जुळली तरच नाव खरं.

त्या सकाळी दहिवर पडलं होतं. मक्याची कापलेली शेतं पार क्षितिजापर्यंत राखाडी दिसत होती, आणि कुठून तरी धान्य वाळवायच्या यंत्राची घरघर येत होती. हार्म आरसा घेऊन उभा राहिला.

"डावीकडे," व्हर्नन म्हणाला. "अजून थोडा. बस."

उन्हाचा पट्टा दगडावरून सरकला. आधी एक रेघ दिसली, मग वळण. व्हर्नन गुडघ्यांवर बसला. दगडातून ऊब येत होती, नुकत्याच भट्टीतून काढलेल्या पावासारखी.

'जोलीन,' त्याने वाचलं. 'एडो आणि त्रिन्त्ये आयलर्ट्स यांची लेक. आणि तिचं बाळ, एमेट.' खाली साल होतं, अठराशे अठ्ठ्याहत्तर.

"काय निघालं?" हार्मने विचारलं.

व्हर्ननने अक्षरांवरून बोट फिरवलं. त्या काळात या लोकांत मुलींची नावं त्रिन्त्ये, ग्रेत्ये, अंत्ये अशी असत. जोलीन हे नाव तेव्हा कोणी ठेवत नव्हतं.

"आरसा हलव जरा," तो म्हणाला.

हार्मने आरसा खाली घेतला. ऊन गेलं. अक्षरं मात्र लगेच गेली नाहीत. कोणीतरी आतून धरून ठेवल्यासारखी क्षणभर तिथेच राहिली, मग दगड पुन्हा कोरा झाला.

संध्याकाळी त्याने जोलीनला फोन केला. रविवार नव्हता, पण आवाज ऐकावासा वाटला.

"हॅलो? कोण बोलतंय?"

"अगं, मी."

"मी म्हणजे कोण? आपल्याला कोण हवंय?"

पाठीमागून एमेटने विचारलं, "मम्मी, कोण आहे?" आणि ती म्हणाली, "कोणी नाही, राजा. राँग नंबर."

तो रात्रभर खुर्चीत बसून राहिला. उजाडताच मोटार काढली. जोलीनने दार उघडलं तेव्हा तिच्या अंगावर त्यानेच नाताळात दिलेला हिरवा स्वेटर होता. ती आदबीने उभी राहिली. एक हात दारावर, दार अर्धंच उघडं.

"जोलीन, मी तुझा बाप आहे गं."

तिचा चेहरा कठोर झाला नाही. उलट तिला कीव आली. "काका, तुम्ही कुठून आलात? बरोबर कोणी आहे का?" ती म्हणाली. "माझे आईवडील मी लहान असतानाच गेले. कोणाला फोन करू का तुमच्यासाठी?"

तिच्या मागे पायऱ्यांवर एमेट बसला होता. तो व्हर्ननकडे टक लावून पाहत होता. मुलं अनोळखी म्हाताऱ्यांकडे पाहतात तसा.

परत येताना व्हर्ननने रस्त्याकडेला मोटार थांबवून फोनमधले फोटो पाहिले. तळ्याकाठी तो एकटाच उभा होता. वाढदिवसाच्या केकपुढे तो एकटाच हसत होता. एका फोटोत त्याचा हात हवेत वाकलेला होता, कोणाच्या तरी खांद्यावर ठेवावा तसा.

तो तडक मार्डेलकडे गेला. ती बटाटे सोलत होती. पातेलं मोठं होतं.

"कोण जोलीन?" तिने विचारलं.

"माझी मुलगी. तू तिची चौकशी करायचीस. एमेटसाठी तू बिस्किटं दिली होतीस, मार्डेल."

मार्डेलने सुरी खाली ठेवली.

"मीही वाचलेत तिथले दगड," ती म्हणाली. "हार्मनेही. पहिल्या वाचनानंतर मी कोणाच्या तरी दारात उभी होते. पाऊस पडत होता. दार कोणाचं होतं, ते नाही आठवत. आत कोणीतरी पियानो शिकत होतं, सारखं एकाच जागी चुकत होतं." तिने हात पुसले. "मग दुसरं वाचन केलं, आणि बरं वाटलं."

"बरं म्हणजे काय?"

"बरं म्हणजे बरं. दुखायचं थांबलं."

"मला दुखायचं थांबायला नकोय. मला माझी लेक हवीय."

"मग दुसरं वाचन करू नकोस."

"आणि काय करू? ती मला काका म्हणते, मार्डेल."

तिने सुरी पुन्हा हातात घेतली. बटाटा उचलला आणि सोलायला लागली.

व्हर्ननला कळत होतं. हार्मने दगड वाचला तेव्हा तो स्वतः गावाबाहेर होता, म्हणूनच त्याला ते लग्न आठवत होतं; हार्मच्या चौकटीवरच्या रेघा त्याला दिसत होत्या, सहा जणांचं पातेलं समोर होतं. पण चुकीची मोजणी दुरुस्त करायची तर पुन्हा मोजायचं, दुसरी वाट त्याला आयुष्यात कोणी दाखवली नव्हती. पहिल्या वेळी ऊन सकाळचं होतं. कोन चुकला असेल. 'जोलीन' नसेल, 'योहाना' असेल. 'एमेट' नसेल, 'एनो' असेल. दोन वाचनं जुळली नाहीत तर मंडळ पहिलं रद्द धरतं. एवढाच धागा होता, आणि तोच धरून तो बुधवारी दुपारी देवदारांच्या पलीकडे गेला. त्याच बुधवारी त्याला लेकीकडे जायचं होतं.

हार्म आरसा घेऊन आला. "आज सणाआधीच्या दिवशी? तुला घरी काही काम नाही वाटतं."

"आरसा धर."

ऊन मावळतीचं, तांबूस होतं. व्हर्नन गुडघ्यांवर बसला आणि पुटपुटायला लागला. जोलीन माझी लेक. चेरी खाल्ल्या की तिच्या अंगावर पित्त उठतं. ती सायकल शिकताना पडली तेव्हा रडली नाही, मला वाईट वाटेल म्हणून.

पट्टा दगडावर आला.

जोलीन माझी लेक. तिचे केस तिच्या आईसारखे.

रेघ दिसली. मग वळण.

एमेटची तीन पायांची टर्की.

योहाना. योहाना असू दे.

दगड ऊबदार झाला.

जोलीन माझी.

जोलीन.

"काय निघालं?" हार्मने विचारलं.

व्हर्ननने खिशातून पेन्सिल काढली आणि तोंडाने म्हणत टिपून घेतलं. "जोलीन. आणि तिचं बाळ, एमेट. पहिल्या वाचनाशी जुळतं." तो गुडघे चोळत उठला. "बिचारी. आयलर्ट्स आहेत. असतील कोणी लांबच्या नात्यातले. नाव मात्र त्या काळाच्या मानाने विचित्र आहे, नाही?"

"लोक काहीही नावं ठेवतात," हार्म म्हणाला. आरसा त्याने गोधडीत गुंडाळला. "चेहरा आता बरा दिसतोय तुझा. मघाशी वाटलं, काही हरवलंय की काय."

"झोप झाली नव्हती."

दोघे फाटकाकडे निघाले. गार वारा सुटला होता. उद्या मार्डेलकडे जेवायला ये, एकटा बसू नकोस, तिचं नेहमी उरतंच, असं हार्म सांगत होता. व्हर्ननने हो म्हटलं, आणि गारठलेला हात कोटाच्या खिशात घातला.

खिशात काहीतरी मऊ लागलं. त्याने बाहेर काढून पाहिलं. एक इवलासा लोकरीचा हातमोजा. लाल, अंगठ्याला निळ्या धाग्याने रफू केलेला.

"हे कुठलं?" हार्मने विचारलं.

"कोणाचा तरी पडलेला उचलला असेन." व्हर्ननने तो फाटकाच्या लोखंडी टोकावर अडकवला. मुलाची आई शोधत आली तर तिला सहज दिसावा.

मोटारीत बसल्यावर त्याने दोन्ही हात एकमेकांवर चोळले. एक बर्फासारखा गार होता. हातमोज्याला लागलेला मात्र गरम होता, कारण हातमोजा आतून ऊबदार होता, नुकताच कोणाच्या तरी हातातून काढल्यासारखा.