कोपऱ्यावर तर आहे

धाकट्याला सगळं मिळालं. आवाज मिळाला, केस मिळाले, बायको मिळाली, शहराबाहेर अंगणाचं घर मिळालं. मला आई मिळाली. म्हणजे ती माझ्याकडे राहायची, एवढंच. पण ही एक गोष्ट त्याच्या हाती लागू द्यायची नाही, हे मी केव्हाच ठरवून टाकलं होतं.

मी नगररचना कार्यालयात रस्ते काढतो. विमानातून घेतलेले शहराचे फोटो दर काही वर्षांनी येतात. त्यातला एकेक रस्ता पडद्यावर गिरवायचा. रस्ते एकमेकांना मिळतात तिथे हिरवा ठिपका, रस्ता संपतो तिथे लाल. कुणी शिकवलं नाही, बघून बघून शिकलो. जुन्या शहरात गल्ल्या एकमेकींच्या पोटात शिरतात. बाहेरच्या नव्या वसाहतींत एका फाटकातून आत जायचं आणि त्याच फाटकातून बाहेर यायचं. शेजारणीची दोरीवरची चादर हाताला लागते, पण तिच्या दारात जायला गाडी काढावी लागते. शहर पसरतं तसं तुटत जातं, असा आमच्या अहवालाचा सगळा सूर.

धाकट्याचं घर असल्याच एका लाल ठिपक्यावर. माझ्या दोन खोल्या जुन्या चौकात, हिरव्यावर. तो लाल ठिपका ठेवताना मला पोटभर जेवल्यासारखं वाटलं होतं. खोटं कशाला बोलू?

"त्याच्याकडे जायचं तर दोन बस बदला, वर तंगडतोड," मी आईला ऐकवायचो. "तुझे गुडघे राहतील का जागेवर?"

"नाही रे बाबा," आई म्हणायची. "आपलं इथेच बरं."

एका संध्याकाळी घरी आलो तर टेबलावर निळ्या काठाचा वाडगा. आत उकडलेले बटाटे, वाफ निघत होती. तो वाडगा मी ओळखला. धाकट्याच्या लग्नातला संच, माझ्याच पैशाने घेतलेला.

"धाकटा आला होता?"

"मीच जाऊन आले."

"कशी?"

"कशी म्हणजे? चालत. कोपऱ्यावर तर आहे."

म्हातारपण, म्हटलं. रागारागाने धाकट्याला फोन लावला. "आईला गुपचूप घेऊन जातोस होय रे?"

"मी कुठे नेतोय, दादा? येते आपली पाय मोकळे करायला. आणि तुझा चष्मा सकाळी इथेच विसरलास बघ."

माझा चष्मा माझ्या नाकावर होता. थट्टा करतोय, असं धरून मी फोन आपटला.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात नकाशातला माझा भाग उघडला. आमच्या खोल्यांमागून एक बोळ बेकरीकडे जातो. लहानपणी त्यातूनच पळायचो. तो मीच गिरवलेला, मीच हिरवा केलेला. आता तिथे लाल ठिपका होता. कुणीतरी खोडी केली म्हणून जुना फोटो काढला, माझ्या जन्माच्या आसपासचा. त्यातही बोळ अर्ध्यातच संपत होता.

दुपारीच उठून बघायला गेलो. बोळात भिंत होती. विटांवर शेवाळ, भेगेत एक जाडजूड रोप. भिंतीला टेकून एक चपला शिवणारा बसला होता.

"ही कधी बांधली?"

"माझ्या बापानं हिलाच टेकून धंदा केला, साहेब. तुम्ही नवीन का इथे?"

"माझा जन्म इथला आहे!"

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "मग इतके दिवस होता कुठे?"

त्यानंतर शाळेकडची गल्ली गेली. मग दवाखान्याकडची. प्रत्येक ठिकाणी भिंत जुनीच, आणि शेजाऱ्यांना ती पहिल्यापासून माहीत. साहेब नकाशा पाहून चुकचुकले.

"तुमचा भाग फारच तुटका हो. आणि ही बाहेरची वसाहत बघा, काय सुरेख जोडली आहे!"

धाकट्याचा ठिपका हिरवा होता. चारी बाजूंनी रस्ते त्याच्या दाराशी येत होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"मागच्या वेळी उलट होतं, साहेब."

"मागच्या वेळी काढलं कुणी? तुम्हीच ना?"

आई आता रोज जात होती. जिना उतरताना कठड्याला हातही लावत नव्हती. मी रजा टाकली आणि तिच्या मागे गेलो. ती कोपऱ्यावर वळली. पाठोपाठ मी वळलो.

समोर भिंत.

भिंतीपलीकडे तिच्या चपला वाजत होत्या. मग दार उघडलं. धाकट्याचं हसू ऐकू आलं, आणि त्यात मिसळलेलं आणखी एका पुरुषाचं.

ती परतल्यावर मी दारात आडवा उभा राहिलो. "उद्यापासून तिकडे जायचं नाही. सांगून ठेवतो."

"वा रे वा!" आई म्हणाली. "तिथे तूच म्हणालास की, आई, राहा इथेच म्हणून."

"मी?"

"मग कोण? तिथे किती वेगळा असतोस तू. हसतोस. धाकट्याच्या पाठीवर हात ठेवतोस." तिने माझ्याकडे परक्यासारखं पाहिलं. "इथे आलास की काय होतं तुला?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिची पिशवी नव्हती. गुडघ्याचा पट्टा तेवढा खिळ्याला लटकत होता.

मी बसने निघालो. वसाहतीचं नाव सांगितलं तर कंडक्टर म्हणाला, तिकडे बस जात नाही. कधी बंद झाली, विचारलं. "कधीच नव्हती," तो म्हणाला आणि पुढच्याचं तिकीट फाडायला वळला.

आता माझ्या गल्लीला एकच तोंड उरलंय. धाकट्याला फोन लावला की माझाच नंबर व्यस्त लागतो. संध्याकाळी खुर्ची घेऊन मी कोपऱ्यावरच्या भिंतीशी जाऊन बसतो. बोळातला चपला शिवणाराही येईनासा झाला.

काल ताटं मांडल्याचा आवाज आला. मी कान लावला. वीट कोमट होती.

"थोरल्या," आईने हाक मारली, "जेवायला चल."

ओ द्यायला मी तोंड उघडलं.

"आलो गं, आई," पलीकडून कुणीतरी म्हणालं.

आवाज माझाच होता. फक्त त्यात कसलीच चीड नव्हती.