धोतऱ्याची तीन बोंडं

दुपारचे सव्वाबारा वाजले आणि किमया उठेना.

अपेक्षाने आधी तिच्या तळपायाला गुदगुल्या केल्या, मग गालावरून ओला हात फिरवला. एरवी पंखा बंद पडला तरी जागं होणारं आठ महिन्यांचं पोर. उचलून घेतलं तर मान एका बाजूला कलंडली. अंग तापलेलं, चेहरा लालबुंद. श्वास चालू होता, एवढंच.

हिंजवडीच्या रस्त्यावरचं इस्पितळ त्यांच्या नेरे गावापासून फार लांब नाही. डॉक्टरीणबाईंनी किमयाच्या डोळ्यांत बॅटरी मारली. बाहुल्या झटकन आकसल्या. तसं नर्सला लिहून घ्यायला सांगितलं. नाडी फार जलद चालली होती. मग त्यांनी अपेक्षाकडे वळून विचारलं, "पोटात काय गेलंय?"

"अंगावरचं दूध. आणि अकरा वाजता बाळगुटी."

"कुणी दिली?"

"गंगूबाईंनी."

तेवढ्या एका शब्दाने पुढचं सगळं झालं.

गंगूबाई ओढ्याकाठी राहायची. साठी उलटलेली, काटक, तोंडाने फटकळ. नेऱ्यातल्या निम्म्या पोरांना तिने अंघोळी घातल्या होत्या, गुट्या पाजल्या होत्या. भाड्याने राहायला आलेल्या नोकरदारांना मात्र तिचा भरवसा नव्हता, आणि तिला त्यांचा. अपेक्षा औषधशास्त्राची पदवीधर. गुटी उगाळताना ती समोर बसून वेखंड, हिरडा, मुरुडशेंग एकेक ओळखून घ्यायची. "पोलिसावानी काय बगतीस," असं म्हातारी रोज म्हणायची. एकदा कुंपणावरची गुळवेल तोडायला अपेक्षाने कात्री पुढे केली, तर तिने ती झिडकारली. औषधाला लोखंड लावायचं नाही, हाताने पिळून तोडायचं, असा तिचा नेम. अपेक्षाला तेव्हा हसू आलं होतं.

आता हसण्यासारखं काही नव्हतं. चार वाजेपर्यंत तिच्या नणंदेने, ज्ञानदाने, सोसायटीतल्या बायका आणि दोन गाववाले घेऊन गंगूबाईचं घर गाठलं. खुंटीवरच्या पिशवीत सगळ्यांच्या आधी ज्ञानदानेच हात घातला. हातात आली धोतऱ्याची तीन काटेरी बोंडं.

संध्याकाळी हवालदार ढमाले इस्पितळात आले. अपेक्षाचा नवरा सौरभ कागद पुढे धरून उभा होता. अपेक्षाने तक्रार वाचली न वाचली आणि सही केली. काचेपलीकडे किमया नळ्यांत गुंडाळून पडली होती.

पहाटे किमया रडली. बारीक, चिडकं रडणं. अपेक्षाने काचेला कपाळ टेकलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की धोका टळला, संध्याकाळी पाचला घरी न्या. कसलं विष ते मात्र त्यांना सांगता येईना. तपासणीचे नमुने पुण्याला गेले होते, यायला आठवडा लागणार होता.

दिलासा मिळाला आणि त्याच्या पाठोपाठ अपेक्षाचं डोकं चालायला लागलं. तिने खाटेच्या पायाशी अडकवलेला कागद काढला. बाहुल्या नेहमीसारख्या, उजेडाने आकसतात. ती ओळ तिने तीनदा वाचली.

धोतऱ्याने बाहुल्या पसरतात. उजेड मारला तरी आकसत नाहीत. त्याच द्रव्याचे थेंब डोळे तपासताना घालतात, हे तिने पहिल्या वर्षाला पाठ केलं होतं.

मग किमयाच्या पोटात धोतरा नव्हता. आणि धोतरा नव्हता, तर ती बोंडं पिशवीत कशाला होती?

तिने सौरभला सांगितलं. तो रात्रभर जागा होता, वैतागला. "आता तू डॉक्टर झालीस का?" म्हणाला. पिशवीत विष सापडलं, म्हातारी चौकीत आहे, सहाला गुन्हा नोंदवतील, विषय संपला. वर म्हणाला की ज्ञानदाताई चारला नाचणीची पेज करून आणणार आहे, बाळाला तीच भरवू.

अपेक्षाने कागद परत खाटेला अडकवला. जर गंगूबाई नसेल, तर जिने किंवा ज्याने हे केलं तो हात अजून मोकळा होता. आणि पाच वाजता किमया त्याच हाताच्या टप्प्यात जाणार होती.

नर्सला तिने बजावलं, मी येईपर्यंत बाळाच्या तोंडाला कुणाच्याही हातचं काही लागता कामा नये. बापाच्याही.

चौकीत गंगूबाई बाकावर बसली होती. अपेक्षाला पाहून तिने तोंड फिरवलं.

"पोर हाय का?"

"आहे. शुद्धीवर आली."

"मग हितं कशाला आलीस? मी मरायची बाकी हाय ती बगाया?"

ढमाल्यांनी दटावलं. अपेक्षा तिच्यासमोर खाली बसली. पोराला गुंगवणारी गुटीतली एकच वस्तू तिला आठवत होती.

"काल गुटीत जायफळ उगाळलंत?"

"न्हाई."

"सहाणेवर एक वळसा पण नाही?"

"चैत हाय बाये. उन्हाळ्यात जायफळ उष्ण पडतंय. थंडीत दोन वळसे, त्ये बी पोट बिघडलं तर. तू म्होरं बसून मोजीत व्हतीस की. आता मलाच इचारतीस?"

"धोतऱ्याची बोंडं कशाला ठेवली होती?"

"ठिवली न्हाईत. माज्या दाराम्होरं धोतरा उगवला तर उपटून टाकत्ये मी. नातवंडं खेळत्यात तितं."

अपेक्षाने बोंडं पाहायला मागितली. ढमाल्यांनी नाखुशीने प्लास्टिकची पिशवी टेबलावर ठेवली. तिने ती उघडली नाही, नुसती उजेडात धरली. तिन्ही बोंडांचे देठ फुलदाणीतल्या फुलांसारखे सरळ, एका तिरक्या रेषेत कापलेले होते.

"साहेब, हे देठ बघून ठेवा," ती म्हणाली. "मी दोन तासांनी बोलते."

"ताई, तुम्हीच तक्रार दिलीय," ढमाले म्हणाले. "आम्हाला दुसरी कामं नाहीत का?"

"म्हणूनच म्हणते, बघून ठेवा. चार वाजता इस्पितळात या."

घरी कुणी नव्हतं. ज्ञानदा पेजेसाठी नाचणीचं सत्त्व आणायला गेली होती. ती सौरभची थोरली बहीण, वनस्पतिशास्त्र शिकलेली. दीड वर्षापासून या घरातल्या मागच्या खोलीत तिचा उद्योग चालायचा: केसांचं तेल, उटणी, साबण, प्रत्येक बाटलीवर एक हिरवं पान. गंगूबाईला खोदून खोदून विचारायची, झाडपाल्याचं टिपून घ्यायची. अलीकडे बाळांसाठी काहीतरी करत होती. किमया रडली की तिच्या खोलीचं दार आपटायचं. एवढ्या आवाजात माणसाने काम कसं करायचं, असं ती सौरभला ऐकवायची, अपेक्षाला ऐकू जाईल अशा बेताने.

अपेक्षाने धुण्याची बादली उपडी केली. काल किमयाला दोन लाळेरी घातली होती. पिवळं लाळेरं गुटीच्या वेळचं. त्यावर करडा डाग वाळून खरवडीसारखा झाला होता. नखाने घासला तर भुकटी पडली. वास वेखंडाचा.

निळं लाळेरं सकाळचं. साडेआठला अपेक्षा अंघोळीला गेली तेव्हा ज्ञानदाने किमयाला आपल्या खोलीत नेलं होतं. अर्ध्या तासाने परत दिलं ते लाळेरं नसलेलं. दूध ओकली म्हणाली. निळ्या कापडावर दुधाचा मागमूस नव्हता. रुपयाएवढा एक पारदर्शक, तेलकट डाग होता. अपेक्षाने तो नाकाशी नेला.

सणाच्या दिवशी श्रीखंडाच्या पातेल्याला येतो, तो वास. जायफळ.

ती मागच्या दाराने बाहेर पडली. पाण्याच्या टाकीमागे, ज्ञानदाच्या खिडकीच्या बरोबर खाली, धोतऱ्याचं कमरेएवढं झाड होतं. तीन फांद्यांवर बोंडं नव्हती. देठांची टोकं सरळ, एका तिरक्या रेषेत कापलेली.

तिने मोबाइलवर फोटो काढले. मग दोन्ही लाळेरी पिशवीत घातली.

चार वाजता ती इस्पितळातल्या खोलीत शिरली तेव्हा ज्ञानदा डबा उघडत होती. नर्स खाटेसमोर हात पसरून उभी होती आणि सौरभ तिच्यावर आवाज चढवत होता. ढमाले दारात टेकून सगळं पाहत होते.

"डबा बंद करा, ताई," अपेक्षा म्हणाली.

"का? आता माझ्यात पण विष दिसायला लागलं का तुला?"

"किमयाला कसलं विष झालं सांगा बरं."

"धोतरा. अख्ख्या नेऱ्याला माहीत आहे."

"बाहुल्या पसरल्या नव्हत्या. तुम्ही वनस्पतिशास्त्र शिकलात. असा धोतरा कधी पाहिलाय?"

सौरभ म्हणाला, हा तमाशा घरी कर. अपेक्षाने त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती ढमाल्यांकडे वळली आणि एकेक करून सांगू लागली.

गुटी अकराला पाजली आणि किमया सव्वाबाराला निपचित पडली, म्हणून सगळ्यांनी गुटीला धरलं. पण जायफळाचा अंमल लगेच चढत नाही, काही तास जावे लागतात. अंग तापतं, नाडी धावते, चेहरा लाल होतो, माणूस गुंगतो. बाहुल्या मात्र बहुधा जशाच्या तशा राहतात. सव्वाबारातून तीन-चार तास मागे जा. साडेआठ. साडेआठला किमया कुणाकडे होती?

तिने दोन्ही लाळेरी खाटेवर पसरली. गुटीचा डाग सहाणेवरच्या उगाळीचा, कोरडा. दुसरा जायफळाच्या तेलाचा. गंगूबाई गुटीत तेल घालत नाही, सहाणेवर उगाळते. आणि चैत्रात ती जायफळाला हात लावत नाही.

मग बोंडं. म्हातारी औषधाला लोखंड लावत नाही, हाताने पिळून तोडते. तिच्या हातच्या देठाला चोथा सुटतो. हे देठ कात्रीने कापलेत. ज्याला काट्यांची भीती वाटते तो कात्री घेतो. ज्या झाडावरून ते कापले ते झाड आमच्या टाकीमागे आहे, खुणा अजून ताज्या आहेत. बोंडं रुमालात गुंडाळून न्यायची आणि सगळ्यांच्या आधी पिशवीत हात घालायचा, एवढंच काम होतं.

"सिद्ध कर," ज्ञानदा म्हणाली.

"करतील. लाळेरं तपासणीला जाईल. साहेब, लिहून घ्या, हिने आठ महिन्यांच्या पोरीला जायफळाच्या तेलाचे वीस थेंब पाजले."

"वीस नाही, चारच दिले मी."

ढमाले दारातून आत आले.

ज्ञानदाच्या लक्षात यायला क्षणभर लागला. मग ती भरभर बोलू लागली, सौरभकडे पाहून. थंडीत गंगूबाई बाळांना दोन वळसे जायफळ देते, हे तिनेच टिपून घेतलं होतं. दोन वळसे म्हणजे दोन थेंब, असा तिने हिशेब धरला. शांत झोपेचे थेंब करायचे होते. एका दुकानवाल्याला गिऱ्हाइकांसाठी झोपलेल्या बाळाचा व्हिडिओ हवा होता. दोन थेंब दिले, किमया झोपेना, उलट खेळायला लागली, म्हणून आणखी दोन. दुपारी ती स्वतःच घाबरली. तोवर सगळे म्हातारीचंच नाव घेत होते.

"शुद्ध तेल होतं," ती म्हणाली. "शंभर टक्के नैसर्गिक. नैसर्गिक गोष्टीने काय होतं?"

"धोतरा पण नैसर्गिकच आहे," अपेक्षा म्हणाली. "दोन वळशांत सहाणेवर कणभर उतरतं, ताई. म्हातारी ते नखाने मोजते. तुमच्या एका थेंबात किती जायफळं उतरली होती, ते तरी मोजलंत का?"

ज्ञानदाने सौरभचा दंड धरला. त्याने तो सोडवून घेतला नाही.

"चुकून झालं आहे," तो ढमाल्यांना म्हणाला. "घरातली गोष्ट आहे. आम्ही मिटवू."

"थेंब चुकून दिले असतील," अपेक्षा म्हणाली. "दुपारी डॉक्टरांनी मला विचारलं, पोटात काय गेलंय. तेव्हा ही माझ्या फोनवर सगळं ऐकत होती. तेव्हा बोलली असती तर पोरीचे सोळा तास वाचले असते. बोंडं कापायला मात्र हिला वेळ मिळाला."

सौरभ जवळ आला. आवाज खाली आणून म्हणाला की ताईविरुद्ध सही केलीस तर त्या घरात पाऊल टाकू नकोस.

"त्या घरात किमयाला निजवू कुठे?" अपेक्षाने विचारलं.



पावणेसहाला ती किमयाला घेऊन चौकीत गेली. जबाब लिहून झाला. ज्ञानदाला आतल्या खोलीत नेलं होतं. तिचं रडणं ऐकू येत होतं, आणि सौरभचं समजावणंही. गंगूबाईला जायला सांगितलं तेव्हा ती उठली, पदर झटकला आणि दाराशी थांबली.

अपेक्षा म्हणाली, "माझं चुकलं. मी न बघता सही केली."

"बगतीस तर रोज. माजी बोटं बगायचीस, सहाण बगायचीस. घरातल्या माणसाकडं बगाया डोळं न्हवतं." म्हातारीने किमयाकडे एकदा नजर टाकली, हात पुढे केला नाही. "पोर बरं झालं, झ्याक झालं. माज्या दारात येऊ नगंस."

ती ओढ्याच्या दिशेने निघून गेली. अपेक्षाने वाईला माहेरी आईला फोन लावला, निघतेय म्हणाली, कारण सांगितलं नाही.

खांद्यावर किमया भोकाड पसरून रडू लागली. भुकेचं, रागाचं, चौकी दणाणून सोडणारं रडणं. ढमाल्यांनी वैतागून वर पाहिलं, आतून कुणीतरी ओरडलं की त्या पोराला गप करा.

अपेक्षा बाकावर बसली, पदर ओढून तिला अंगाशी घेतलं, आणि काल निपचित पडलेल्या त्या पोरीला गप मात्र केलं नाही.