पेंढ्याआड अडकलेला वर्ग

“अगं, मॅडम पुन्हा थिजल्या!” तुळजा रडकुंडीला आली.

शाळेतल्या पडद्यावर भिवंडीच्या करिष्मा मॅडम उघड्या तोंडाने गप्प होत्या. वज्रेश्वरीपलीकडच्या या पाड्यावर शिष्यवृत्तीचं शिकवायला कोण येणार? म्हणून बिचाऱ्या मॅडम दिवाळीच्या सुट्टीतही रोज ऑनलाइन यायच्या. आज दुपारी सराव परीक्षा होती. ती चुकली, तर शिष्यवृत्तीच्या पुढच्या वर्गातली तुळजाची जागाच जाणार होती!

टेमघरहून मामाकडे आलेली रीमा आणि तिचा धाकटा भाऊ भाविक लगेच कामाला लागले.

“परवापर्यंत नीट चालायचं ना? मग काल नवीन काय झालं?” रीमाने विचारलं.

वायरीचा माग काढत भाविक मागच्या अंगणात गेला आणि ओरडला, “ताई, चोर सापडला! चांगला धिप्पाड आहे!”

कुंपणाच्या खांबावरची इंटरनेटची डिश टेकडीवरच्या टॉवरकडे तोंड करून होती आणि मध्ये ओल्या पेंढ्याची भलीमोठी उडवी! सुट्टी लागली की शाळेच्या अंगणात पेंढा रचायचा, ही इथली जुनी रीत. यंदा रचणारे होते तुळजाचेच बाबा, केसरीनाथमामा.

“शालेला सुट्टी हाय, मंग काय बिघडलं?” हाक ऐकून आलेले मामा हसले. “पेंढ्यानं कदी इंटरनेट अडतं काय? उद्या बघू!”

सांगून पटणारी ही स्वारी नव्हतीच! पण मामांना क्रिकेटचं भारी वेड. भाविकने पडद्यावर मॅच लावली. मामा मांडी घालून बसले. गोलंदाज धावत आला, हात वर केला आणि तसाच थिजला.

“अरं, टाक ना बॉल!”

“उडवी हलवा, मामा. लगेच टाकेल!”

मामांनी हाका मारून अर्धा पाडा गोळा केला. मुलांनीही भारे ओढले. डिश मोकळी झाली आणि रीमाने झटकन मॅच बंद करून मॅडमचा वर्ग लावला.

“तुळजा, आवाज येतोय का गं?”

“येतोय, मॅडम!”

“आन् माजी मॅच?” मामा गरजले.

“आधी परीक्षा, मामा!”

मामा कुरकुरत दारातच बसले. पण तुळजा भराभर उत्तरं देऊ लागली, तशी त्यांची कुरकुर थांबली.

“शाब्बास तुळजा! पुढच्या वर्गात तुझी जागा पक्की!” परीक्षा संपताच मॅडम म्हणाल्या.

मामा पडद्यासमोर उभे राहिले. त्यांनी हात जोडले.

“मॅडम, माज्या पेंढ्यानं माज्याच पोरीची वाट अडवली व्हती, या दोगांनी ती मोकली केली. तरी तुमी येत ऱ्हायल्या. लय उपकार झाले!”

“आभार या दोघांचे माना. हुशार आहेत पोरं!”

मामांनी रीमा-भाविकला जवळ घेतलं. तुळजाने रीमाचा हात घट्ट धरला.